कोरेगावच्या टेकडीवरचा बंदी छत्रपती: साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची ओळख

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर तर आहेतच, पण आणखी दोन तारखा आपल्या कार्यकर्त्यांना कॅलेंडर न बघता पाठ असतात. एक १ जानेवारी, भीमा कोरेगावची. दुसरी ७ नोव्हेंबर, बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाची. पहिल्या तारखेला आपण विजयस्तंभाला मानवंदना देतो आणि दुसऱ्या तारखेला साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये जाऊन त्या रजिस्टरवरच्या सहीपुढे नतमस्तक होतो. या दोन्ही ठिकाणी एक माणूस उभा आहे. आपण त्याच्या शेजारून जातो आणि त्याच्याकडे बघत नाही. तो माणूस म्हणजे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज.

आम्ही रहिमतपूरची मंडळी. सातारा आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. विहारातल्या मुलांना घेऊन आम्ही ७ नोव्हेंबरला साताऱ्याला जातो. एकदा परतीच्या वाटेवर एका मुलाने विचारले की ज्यांच्या नावाची ही शाळा आहे ते प्रतापसिंह कोण? गाडीत आम्ही पाच-सहा जण मोठे होतो. कुणी म्हणाले शिवाजी महाराजांचे वंशज, कुणी म्हणाले साताऱ्याचे राजे, आणि पुढे सगळे गप्प. त्यानंतर आम्ही वाचायला लागलो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत. हे आरतीसारखे वाचू नये, कारण आमचे काही आक्षेपही आहेत आणि ते पुढे येतील.

कैदेतला राजा

प्रतापसिंहांचा जन्म १८ जानेवारी १७९३ चा. १८०८ मध्ये वडील दुसरे शाहू महाराज वारले आणि पंधराव्या वर्षी प्रतापसिंह गादीवर आले. आता गादी म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. इंग्लंडचा आठवा हेन्री अठरावे वर्ष पुरे होण्याआधी राजा झाला, तेव्हा बापाने भरून ठेवलेला खजिना त्याच्या हाती आला. मनात येईल ते करायची मोकळीक होती, आणि त्याने ती वापरलीही. आमच्या साताऱ्याच्या पोराच्या हाती राजा झाल्यावर काय आले? बंद दरवाजे आणि पुण्याहून नेमलेले पहारेकरी.

पेशवाईत छत्रपतींचे काम एवढेच उरले होते की नवा पेशवा झाला की त्याला वस्त्रे द्यायची. बाकी वर्षभर साताऱ्यात नजरकैदेत राहायचे. खर्चाला किती मिळणार, नोकर कोण असणार, भेटायला कोण येणार, सगळे पुणे ठरवणार. १७९८ मध्ये वडिलांनी एकदा उसळी मारून सातारा ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तो परशुरामभाऊ पटवर्धनांनी मोडून काढला. तेव्हा प्रतापसिंह पाच वर्षांचे होते. चुलते चतुरसिंग भोसले मात्र निसटले आणि पुढे कित्येक वर्षे पेशव्यांविरुद्ध झुंजत राहिले. शेवटी त्र्यंबकजी डेंगळ्याने त्यांना कपटाने पकडून कांगोरीच्या किल्ल्यात डांबले. १८१८ मध्ये, सुटका अगदी दाराशी आली असताना, ते तिथेच वारले. शिवरायांच्या घराण्यातल्या माणसाने पेशवाईच्या किल्ल्यात बेड्यांत मरायचे, हे त्या काळाचे चित्र आहे. आपल्या पूर्वजांच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपण सांगतो, सांगायलाच हवे. पण त्याच व्यवस्थेने छत्रपतींच्या पायातही साखळी घातली होती, हे आपल्या भाषणांत क्वचितच येते.

राजाने शिकू नये, घोड्यावर बसू नये, शस्त्र धरू नये अशी पुणेकरांची इच्छा होती. मातोश्री माईसाहेबांनी मुलाला मध्यरात्रीनंतर, पहारा झोपला की, लपून लिहायला-वाचायला शिकवण्याची सोय केली, असे साताऱ्यात सांगितले जाते. रात्रीचा दिवा आणि चोरून घेतलेली अक्षरे. आपल्या घरांत ही गोष्ट कुणाला परकी वाटणार नाही.

१ जानेवारी १८१८

१८१७ च्या अखेरीला बाजीराव आणि इंग्रज यांचे युद्ध पेटले. बाजीरावाने छत्रपतींच्या कुटुंबाला आधी वासोट्याच्या किल्ल्यावर टाकले आणि पुढे प्रतापसिंहांना आपल्याच छावणीत आणून ठेवले. छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले तर पेशव्याच्या हुकमाला कसली मान्यता उरणार, ही भीती. म्हणून पळताना पेशवा त्यांना बरोबर फिरवत राहिला.

अशा फिरण्यात १ जानेवारी उजाडली. कॅप्टन स्टॉन्टनची आठशेच्या आसपास माणसांची तुकडी, तिच्यात आपले महार शिपाई, आणि समोर पेशव्याचे अफाट सैन्य. ती लढाई आपल्याला ठाऊक आहे. आम्हाला ठाऊक नव्हते ते हे, की नदीपलीकडच्या उंचवट्यावर बसून बाजीराव ती लढाई पाहत होता आणि त्याच्या शेजारी प्रतापसिंह बसलेले होते. पंचवीस वर्षांचे व्हायला अजून सतरा दिवस बाकी. ऊन लागायला लागले तेव्हा त्यांनी आपली अबदागीर उभारण्याविषयी सांगितले. बाजीरावाने नको म्हटले, कारण अबदागीर दिसली की इंग्रज तिच्यावर नेम धरून तोफ डागतील. हा प्रसंग ग्रँट डफने लिहून ठेवला आहे, आणि त्याला तो सांगणारी माणसे साताऱ्यातच भेटली असणार.

आम्हाला या प्रसंगावर थांबावेसे वाटते. खाली गावाच्या भिंतीआड तहानेने व्याकूळ झालेले शिपाई दिवसभर लढत होते. त्यांच्या जातीला पुण्याच्या रस्त्यावर सावलीसुद्धा पाडायची मुभा नव्हती. वर टेकडीवर मराठी राज्याचा धनी बसला होता, त्याला उन्हात स्वतःची सावली धरायची मुभा नव्हती. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते. खालच्यांच्या बंदुका वरच्याच्या दिशेने होत्या. तरी त्या दिवशी पेशव्याला कोरेगाव घेता आले नाही, तो दक्षिणेकडे पळाला, आणि सात आठवड्यांनी त्या बंद्याची साखळी तुटली.

इंग्रज लष्कराने फेब्रुवारीत सातारा घेतला आणि एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारीला जाहीरनामा काढून पेशव्याचे राज्य संपल्याचे आणि साताऱ्याच्या राजाला राज्य देणार असल्याचे कळवले. २० फेब्रुवारीला सोलापूरकडच्या आष्टीला गाठ पडली. बापू गोखले पडले, बाजीराव निसटला, आणि प्रतापसिंह आपल्या मातोश्री व भावांसह इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्यात गादीवर बसवले.

इथे भाबडेपणा नको. इंग्रजांनी हे काही न्यायबुद्धीने केले नाही. पेशवाई बुडाल्यावर मराठे सरदार शांत राहावेत म्हणून त्यांना शिवरायांच्या वंशजाचे नाव हवे होते. दिलेले राज्यही मर्यादित होते. उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरचा मुलूख. आमचे रहिमतपूर त्यात आलेच. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. तहाची मेख अशी की राजाने इंग्रजांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिनेच घात केला.

राज्य चालवून दाखवले

सुरुवातीला कारभार राजाच्या हाती नव्हताच. कॅप्टन जेम्स ग्रँट, ज्याला आपण ग्रँट डफ म्हणून ओळखतो, तो साताऱ्याचा कारभार बघत होता. तो राजापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा. दोन तरुण, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. साताऱ्याच्या दफ्तरात बसून ग्रँटने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये छापून आला. आणि राजाने त्याच दफ्तरात बसून कारभार शिकून घेतला. पंचवीस वर्षे ज्याला कागदाला हात लावू दिला नव्हता तो माणूस हिशेब तपासू लागला, फिर्यादी ऐकू लागला, आपली रोजनिशी ठेवू लागला. एप्रिल १८२२ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार त्यांच्या हाती सोपवला. तेव्हा वय २९.

ज्यांच्या हाती आजवर काहीच नव्हते, त्यांच्या हाती सत्ता आली की दोनच गोष्टी होतात. एक तर माणूस चैनीत बुडतो, नाहीतर वर्षानुवर्षे मनात साठवलेले भराभर करायला घेतो. प्रतापसिंह दुसऱ्या प्रकारचे निघाले. १८२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात राजवाडा बांधला, तोच आजचा जुना राजवाडा. शहराला रुंद रस्ते आणि नव्या पेठा आल्या. प्रतापगंज पेठ आजही त्यांचे नाव सांगते. शहरावरच्या डोंगरउतारावर, महादऱ्याला, तळे बांधून त्यांनी गावात पाणी आणले. राजाने किती लढाया मारल्या हे विचारणारे पुष्कळ असतात. बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा किती पावले कमी चालला, हे आम्हाला विचारावेसे वाटते, आणि त्या हिशेबात महादऱ्याचे तळे छोटे काम ठरत नाही. मात्र त्या पाण्यावर महारवाड्याचा हात कधी पडला का, हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. पुढे महाडच्या तळ्यावर जे करावे लागले, ते सगळ्या महाराष्ट्राचे उत्तर आहे.

महाबळेश्वरची कथा थोडक्यात सांगतो. सातारच्या लष्करातला लॉडविक नावाचा अधिकारी १८२४ मध्ये तिथल्या कड्यावर चढला, त्याच्याच नावाचा पॉइंट आज पर्यटक बघतात. राजाने साताऱ्याहून वर रस्ता काढला. पुढे गव्हर्नर माल्कमला ती जागा इंग्रजांच्या आजारी शिपायांसाठी हवीशी वाटली, आणि १८२९ च्या सुमारास राजाने वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात तो माळ इंग्रजांना दिला. रस्ता राजाचा, नाव मात्र माल्कमपेठ.

शिक्षणाकडे त्यांचे लक्ष होते. पाठशाळा काढली, छापखाना आणला, ग्रंथ जमवले. विशेष म्हणजे मराठा मुलांनी शिकावे, कारभारात यावे असा त्यांचा आग्रह होता. लेखणी एका जातीच्या हाती आणि तलवार दुसऱ्या जातीच्या हाती, या वाटणीत तलवारवाल्याचे काय होते ते त्यांनी बालपणी भोगले होते. आपली मुलगी गजराबाई हिलाही त्यांनी शिकवले.

पण या शाळेत महार, मांग, चांभार मूल बसल्याची नोंद आम्हाला कुठे सापडली नाही. ज्यांच्या घरचे मूळ गाव कटगुण, याच सातारा मुलखातले, त्या जोतीरावांचा जन्म १८२७ चा, म्हणजे प्रतापसिंहांच्या ऐन भराच्या काळातला. आपल्यासाठी शाळेचे दार त्या माळ्याच्या पोराने उघडले, राजाने नव्हे. सावित्रीमाईंचे नायगाव आजच्या सातारा जिल्ह्यातलेच. राजा पाठशाळा काढत होता तेव्हा त्या जन्मलेल्याही नव्हत्या. हे लिहिताना आम्हाला राग येत नाही, पण लपवायचेही नाही.

वेदोक्ताचा घाव

राजा कर्तबगार निघाला हे पुण्या-साताऱ्याच्या कर्मठांना सोसले नाही. प्रतापसिंहांनी कायस्थ प्रभूंना वेदोक्त संस्कारांची मोकळीक दिली आणि स्वतःच्या घराण्याचे क्षत्रियत्व मान्य करून घ्यायचे ठरवले. लगेच वादळ उठले. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, ब्राह्मण आणि शूद्र एवढेच, म्हणून छत्रपतीसुद्धा शूद्र, असा तो पक्ष होता. त्या पक्षाचे म्होरके होते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन. सोबतीला बाळाजीपंत नातू. हे नातू म्हणजे १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवण्यात ज्यांचे नाव येते तेच. पेशवाई बुडवायला हात लावला आणि पेशवाईची सोवळी मात्र राखून ठेवली!

१८३० च्या सुमारास साताऱ्यात पंडितांची मोठी सभा भरली. राजाच्या बाजूने आबा पारसनीस यांनी कागदपत्रे आणि शास्त्राधार उभे केले. सभेत राजाचा पक्ष सरस ठरला. पण सभेत हरलेली माणसे घरी जाऊन बसली नाहीत.

शिवरायांच्या राज्याभिषेकापासून साताऱ्याच्या गादीपर्यंतच्या या वादाकडे बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात वेगळ्या नजरेने पाहिले. वेदोक्त की पुराणोक्त एवढाच मुद्दा त्यांच्यापुढे नव्हता. एखाद्याचा दर्जा ठरवायचा अधिकार एकाच वर्गाच्या मुठीत का, आणि तो वर्ग उपनयन नाकारून राजालासुद्धा शूद्र कसा करू शकतो, हे त्यांनी दाखवले. ज्याने मूठ उघडायची त्यालाच राजाने विचारले की माझा दर्जा काय. इथे आमचा पहिला आक्षेप आहे. प्रतापसिंह शिडीवरच्या आपल्या पायरीसाठी लढले. शिडी कुणी उभी केली हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. सत्तर वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांवर हाच वेदोक्ताचा प्रसंग आला. तेही आधी आपल्या हक्कासाठीच भांडले. पण १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी येऊन उभे राहिले. एकाच अपमानातून दोन राजे दोन वेगळ्या ठिकाणी पोहोचले. आमच्या तरुण मित्रांनी यावर वाद घालावा, आम्हाला आवडेल. काळाचा फरक होता, असे काही जण म्हणतील. आम्ही म्हणतो, मधे जोतीराव होऊन गेले होते.

तलवार पोहोचलीच नाही

१८३५ पर्यंत राजाचा कारभार इतका चोख होता की लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांनी कौतुकाचे पत्र आणि रत्नजडित तलवार राजासाठी पाठवली. ती मुंबईपर्यंत आली आणि तिथेच अडली. मुंबई सरकारने ती राजाला दिलीच नाही.

कारण जहागिरींचा वाद सुरू झाला होता. अक्कलकोट, भोर, औंध, फलटण, जत आणि वाईचे शेख मिरेकर, हे जहागीरदार साताऱ्याच्या छत्राखाली की थेट इंग्रजांच्या? वारस नसलेली जहागीर कुणाकडे जायची? प्रतापसिंह तहाचा कागद पुढे करत. त्यांचा कागदावर विश्वास होता. रात्री लपून अक्षरे शिकलेल्या माणसाचा असतो तसा. मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट कागद बघायला तयार नव्हता, आणि राजा गप्प बसायला तयार नव्हता. महत्त्वाकांक्षा म्हणायची तर हीच होती, की तहात लिहिलेले राज्य खरोखरचे राज्य असावे, मेहेरबानीचे नसावे.

मग आरोप आले. १८३६ मध्ये म्हटले गेले की राजाने तेविसाव्या पलटणीतल्या दोन सुभेदारांना फितवायचा प्रयत्न केला. मग गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार निघाला, मग नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी. चौकशी गुप्त. राजाला पुरावा दाखवायचा नाही, साक्षीदार तपासू द्यायचा नाही. हे वाचताना आमच्या काही साथींना आजची काही प्रकरणे आठवली, ती ज्याची त्याने ओळखावीत. रेसिडेंट ओव्हान्स आणि बाळाजीपंत नातू या काळात हातात हात घालून होते, आणि सोवळ्याचा जुना हिशेब चुकता होत होता.

ऑगस्ट १८३९ मध्ये नवा गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याने सोपी वाट ठेवली. कागदावर सही करा, चूक झाली असे मान्य करा, गादी तुमचीच. प्रतापसिंहांनी नकार दिला. न केलेला गुन्हा कबूल करून राज्य ठेवायचे नाही. ४६ वर्षांचा माणूस, सगळे पणाला, आणि समोर फक्त एक सही. आमचे सगळे आक्षेप या जागी आम्ही बाजूला ठेवतो.

५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना पदच्युत केले गेले. भाऊ आप्पासाहेब गादीवर आले. प्रतापसिंहांना आधी साताऱ्याजवळच्या लिंब गावी आणि तिथून काशीला नेले. ज्यांच्याकडे पंचवीस पलटणींचे बळ नव्हते त्या राजाने प्रतिकार केला नाही, साताऱ्यात रक्त सांडू दिले नाही. वाटेत सेनापती बाळासाहेब भोसले वारले. प्रतापसिंह १४ ऑक्टोबर १८४७ ला काशीतच वारले. त्यांना सातारा पुन्हा दिसला नाही. १८४८ मध्ये आप्पासाहेबही गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. त्याच १८४८ मध्ये पुण्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. साताऱ्याचे राज्य गेले आणि भिडेवाड्यातली शाळा आली, ती एकाच वर्षी.

राजासाठी लंडनला जाऊन भांडणाऱ्यांत रंगो बापूजी गुप्ते होते, मीर अफजल अली होते. रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे तिथे राहिले, पैसे संपले, राजा वारला, तरी हटले नाहीत. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत जॉर्ज थॉम्प्सन होता, काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झगडलेला. साताऱ्याला रेसिडेंट राहून गेलेले ब्रिग्ज आणि लॉडविक, तोच महाबळेश्वरचा लॉडविक, यांनीही राजाची बाजू घेतली. मते मोजली की हार व्हायची. पुढे १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारले गेले, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी नंतर कुणाला दिसले नाहीत. ही सगळी कहाणी प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' या पुस्तकात त्वेषाने लिहिली आहे. त्यांचे प्रत्येक मत आम्हाला पटत नाही, पण तरुणांनी ते पुस्तक मिळवून वाचावे.

राजवाड्यातली शाळा

राज्य खालसा झाल्यावर जुन्या राजवाड्यात सरकारी शाळा भरू लागली. राजाने ज्या दालनांत दरबार भरवला तिथे बाके आली. १८९६ मध्ये भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. रामजी सुभेदारांनी धाकट्या मुलाला ७ नोव्हेंबर १९०० ला या शाळेत इंग्रजी पहिलीत घातले. रजिस्टरमध्ये अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. राजाच्या पाठशाळेत ज्या मुलाला जागा मिळाली नसती, तो त्याच राजाच्या वाड्यात आला, वर्गात मात्र वेगळा बसवला गेला. दार उघडले होते, पाण्याचे भांडे अजून नव्हते. २०१७ पासून राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आणि शाळा आज प्रतापसिंहांच्या नावाने ओळखली जाते.

पुढच्याच वर्षी, १९०१ च्या उन्हाळ्यात, भिवा आणि भावंडे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. साताऱ्याहून गाडीत बसून मसूरला उतरली. तिथे काय झाले, बैलगाडीवाल्यांनी कसे नाकारले, पोरांना रात्रभर पाणी कसे मिळाले नाही, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. ती गाडी आमच्या रहिमतपूरवरून गेली. मसूरच्या आधीचे आमचे स्टेशन. नवे कपडे, जरीच्या टोप्या घातलेली ती पोरे खिडकीतून बाहेर बघत आमच्या गावावरून पुढे गेली असतील.

येत्या ७ नोव्हेंबरला आम्ही सकाळच्या गाडीने निघणार आहोत. मुलांना आधी महादऱ्याच्या तळ्यावर नेऊ, मग राजवाड्याच्या दारात थोडे थांबू, हा कुणी बांधला ते सांगू, आणि मग आत रजिस्टर बघायला जाऊ. मागच्या वेळी प्रश्न विचारणारा मुलगा आता दहावीत आहे. राजवाड्याच्या दारातले बोलणे त्यानेच करायचे, असे ठरले आहे.